वय म्हणजे किती प्रदक्षिणा?

हरिहरेश्वरला आम्ही पोचलो तेव्हा सकाळचे दहा वाजून गेले होते. नववीची मुले, आम्ही तिघे शिक्षक आणि एका मुक्कामाचे सामान. आधी काळभैरवाचे दर्शन, मग हरिहरेश्वराचे आणि पुन्हा काळभैरवाचे, हा इथला रिवाज. तो पाळायचा, लगेच देवळामागच्या डोंगराची प्रदक्षिणा उरकायची आणि मग जेवायला बसायचे, असा आमचा बेत होता. जिथे जेवणाची सोय केली होती त्या घरच्या आजींनी तो ओटीवरूनच मोडीत काढला.

"आज तिथी कोणती?" त्यांनी विचारले. आम्हा तिघांपैकी एकालाही सांगता येईना. "चतुर्दशी. चौदाची पाऊणपट किती? साडेदहा. म्हणजे आत्ता भरती अगदी भरात आहे, आणि तीही उधाणाची. चार वाजता जा. आत्ता मुलांना तिकडे न्यायचं नाही."

कोकणच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा हिशेब आहे. अमावास्येला आणि पौर्णिमेला भरती साधारण बाराच्या सुमाराला येते. तिथून पुढे ती रोज पाऊण तासाने मागे पडते. (खरे तर सुमारे ५० मिनिटांनी, पण तोंडी हिशेबाला पाऊण तास सोयीचा.) म्हणून तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते : द्वितीयेला दीड, अष्टमीला सहा, चतुर्दशीला साडेदहा. हरिहरेश्वरला या गणिताची गरज विशेष आहे. प्रदक्षिणेची वाट खडकाच्या घळीतून पायऱ्यांनी उतरून थेट लाटांसमोरच्या कातळावर येते. ओहोटीला तिथून खुशाल चालत जावे. भरतीला तीच वाट जीवघेणी होते. सहल आणणाऱ्या शिक्षकांनी ही पाऊणपट पाठ करून ठेवावी. आम्हाला ती आजींकडून शिकावी लागली.

जेवताना आजींनीच सांगितले, की येत्या वैशाखात त्यांचे सहस्रचंद्रदर्शन आहे. मुलांना हा शब्द नवा होता. "हजार पौर्णिमा बघितल्या की करतात," आजी म्हणाल्या. "म्हणजे तुमचं वय किती?" एकीने विचारले. "आषाढात ऐंशी पुरी झाली."

लगेच वह्या निघाल्या. एका पौर्णिमेपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत सरासरी २९.५३ दिवस. हजार वेळा म्हणजे २९,५३० दिवस. त्याला ३६५.२५ ने भागले की ८० वर्षे आणि सुमारे १० महिने. आषाढ ते वैशाख, दहा महिने. पंचांग न उघडता हिशेब जुळला आणि मुले खूष झाली.

तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका मुलाने विचारले, "सर, शनीवरचं वर्ष आपल्या एकोणतीस वर्षांएवढं असतं ना? मग म्हातारं माणूस शनीवर नेलं तर त्याचं वय कमी होईल?" मुले हसली. तो हसला नाही. त्याची आजी घरी अंथरुणाला खिळलेली आहे हे आम्हाला ठाऊक होते.

'नाही' एवढेच उत्तर देऊन मोकळे होता आले असते. पण प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. कोण कोणत्या ग्रहावर किती वर्षांचा, याचे तक्ते पुष्कळ पुस्तकांत असतात आणि मुलांना ते आवडतातही. मात्र त्या तक्त्यांतला आकडा नेमके काय मोजतो हे सहसा कोणी सांगत नाही, आणि मुलांच्या मनात 'गुरूवर माणूस हळू म्हातारा होतो' असे काहीतरी पक्के बसते. तेव्हा चारची वेळ होईपर्यंत आम्ही ओटीवर बसून या प्रश्नाच्या मागे लागलो.

वय म्हणजे मोजणी. कशाची? आपल्या नेहमीच्या हिशेबात पृथ्वीने सूर्याभोवती घातलेल्या प्रदक्षिणांची. तुम्ही चौदा वर्षांचे आहात याचा अर्थ, तुमच्या जन्मापासून पृथ्वीने चौदा फेऱ्या पुऱ्या केल्या. या फेऱ्या तुम्ही घातलेल्या नाहीत, पृथ्वीने घातल्या. तुम्ही फक्त तिच्यावर बसलेले होता. मोजायला दुसरी कसली फेरी घेतली की आकडा बदलतो, आणि त्यासाठी दुसऱ्या ग्रहावर जायचीही गरज नाही. आजींनीच आपले वय दोन आकड्यांत सांगितले होते : ऐंशी आणि हजार.

आमच्याबरोबरची एक मुलगी म्हणाली, "आमच्या दादांचं वय घरी हिजरी सनानं मोजतात. ते जास्त भरतं." दादा म्हणजे तिचे आजोबा. श्रीवर्धन-म्हसळ्याच्या या पट्ट्यात कोकणी मुसलमानांची वस्ती मोठी आहे, तेव्हा हे उदाहरण अगदी दारातले. हिजरी वर्ष बारा चांद्र महिन्यांचे, म्हणजे सुमारे ३५४ दिवसांचे. त्यात अधिक मास नाही. दरवर्षी अकरा दिवसांचा फरक पडत पडत इंग्रजी ३३ वर्षांत हिजरी ३४ वर्षे होतात. एकाच गावात एकाच पहाटे जन्मलेले दोन शेजारी घ्या. एकाची ६६ वर्षे पुरी होतील तेव्हा दुसऱ्याची घरच्या मोजणीने ६८ झालेली असतील. दोघांचे केस मात्र सारखेच पिकलेले.

आपल्या पंचांगात महिने चंद्राचे आणि वर्ष सूर्याचे आहे. दोघांना एकत्र ठेवण्यासाठी दर बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक मास घालतात. त्यामुळे तिथीचा वाढदिवस आणि तारखेचा वाढदिवस एकमेकांपासून दूर जातात, पण फार दूर जात नाहीत. आणि दर १९ वर्षांनी पुन्हा जवळपास एकाच दिवशी येतात. १९ सौर वर्षांचे दिवस ६,९३९.६, तर २३५ चांद्र महिन्यांचे ६,९३९.७. आपल्या एकोणिसाव्या, अडतिसाव्या, सत्तावन्नाव्या वाढदिवसाची तिथी जन्मतिथीशी ताडून पाहावी. फार तर एका दिवसाचा फरक निघेल.

मुंबई राज्याचे मुख्यमंत्री आणि पुढे पंतप्रधान झालेले मोरारजी देसाई २९ फेब्रुवारी १८९६ रोजी जन्मले. १९०० साल लीप वर्ष नव्हते, म्हणून २९ फेब्रुवारी त्यांना जन्मानंतर प्रथम दिसली ती १९०४ मध्ये, आठव्या वर्षी. १९९५ मध्ये ते गेले तेव्हा वय ९९ होते, आणि खरे वाढदिवस झाले होते २३. आपली म्हातारी माणसे तर वर्षे मोजतच नाहीत. 'तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत,' म्हणतात. कोकणात हे माप चुकायची शक्यताच नाही.

चार वाजता प्रदक्षिणेला निघालो. पाणी मागे हटले होते. लाटांनी आणि खाऱ्या तुषारांनी खडकाला मधाच्या पोळ्यासारखी भोके पाडली आहेत, ती मुलांनी हात घालघालून पाहिली. हा दख्खनचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. सूर्यसुद्धा आपल्या सगळ्या ग्रहांना घेऊन आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरतो आणि त्याच्या एका फेरीला बावीस ते पंचवीस कोटी वर्षे लागतात. त्या मापाने या कातळाने अजून एक वर्षही पुरे केलेले नाही. जेमतेम तीन-साडेतीन महिन्यांचा तो.

प्रदक्षिणा आटोपून वाळूवर आलो. उधाणाच्या ओहोटीने ओल्या, सपाट वाळूचे मोठे मैदान उघडे पडले होते. मध्यावर एक काठी रोवली : सूर्य. पृथ्वी सूर्यापासून जितकी दूर आहे ते अंतर एक मीटर धरले. मग दोरीने वर्तुळे काढली. बुधाचे ३९ सेंटिमीटर त्रिज्येचे, शुक्राचे ७२ सेंटिमीटर, पृथ्वीचे १ मीटर, मंगळाचे १.५२, गुरूचे ५.२ आणि शनीचे साडेनऊ मीटरचे. युरेनसला १९ आणि नेपच्यूनला ३० मीटरची दोरी लागली असती. ती आमच्याकडे नव्हती. एकेका वर्तुळावर एकेक मूल उभे केले. एक टाळी म्हणजे एक महिना.

पृथ्वी झालेल्या मुलीला बारा टाळ्यांत एक फेरी पुरी करायची, म्हणजे टाळीला ५२ सेंटिमीटर, एक साधे पाऊल. बुधाच्या मुलाला टाळीला ८३ सेंटिमीटर, चांगली लांब ढांग, आणि तीही एवढ्याशा वर्तुळात! तिसरी टाळी वाजायच्या आतच त्याची फेरी पुरी. त्याला गरगरायला लागले. गुरूच्या मुलाला टाळीला फक्त २३ सेंटिमीटर, म्हणजे एक वीत. शनीला १७ सेंटिमीटर, वीतभरही नाही. बारा टाळ्या झाल्या, पृथ्वी घरी आली, बुध चार फेऱ्या घालून पाचवीत शिरला, आणि शनीवरची मुलगी जिथल्या तिथेच असल्यासारखी दिसत होती.

मुलांच्या लक्षात एक गोष्ट आपोआप आली. वर्गात ती फळ्यावर सांगून कधी येत नाही. लांबच्या ग्रहाची फेरी लांबते ती दोन कारणांनी. एक, वाट लांब. दुसरे, चाल मंद. गुरूची वाट आपल्या ५.२ पट आणि चाल आपल्यापेक्षा सुमारे २.२८ पट मंद. दोन्हींचा गुणाकार ११.८६. गुरूचे वर्ष आपल्या ११.८६ वर्षांचे. दूर गेल्यावर सूर्याची ओढ कमी होते आणि कमी वेग कक्षेत राहायला पुरतो. पृथ्वी सेकंदाला जवळजवळ ३० किलोमीटर धावते, बुध ४७, गुरू १३, तर शनी दहाच्याही आत. केपलरने १६१९ मध्ये हीच गोष्ट नियमात मांडली : सूर्यापासूनच्या सरासरी अंतराचा घन केला आणि त्याचे वर्गमूळ काढले की वर्ष मिळते, अंतर पृथ्वीच्या पटीत असले तर. ५.२ चा घन १४०.६, वर्गमूळ ११.८६. मुलांनी शनीचेही करून पाहावे.

बारा टाळ्यांत गुरूचा मुलगा वर्तुळाच्या बाराव्या भागाएवढा सरकला होता. बारावा भाग म्हणजे ३० अंश, म्हणजे एक रास. इथे आम्ही थांबलो आणि विचारले, "गुरू वर्षाला एक रास चालतो, हे कुठे ऐकलंय?" एकाने बरोबर सांगितले : नाशिकचा सिंहस्थ. गुरू सिंह राशीत आला की नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ आणि पुढच्या वर्षी कन्येत गेला की वाई, नरसोबाची वाडी इथे कृष्णाकाठी कन्यागत. २००३ चा सिंहस्थ आणि २०१५ चा सिंहस्थ यांच्यामध्ये गुरूचे एक वर्ष गेले. आपल्या लोकांनी गुरूचा वाढदिवस शतकानुशतके न चुकता साजरा केला आहे. त्याला वाढदिवस म्हटले नाही, एवढेच.

गुरूचे वर्ष पुरते बारा वर्षांचे नाही, सुमारे पन्नास दिवसांनी कमी आहे. सात फेऱ्यांत हा फरक साठून एक वर्षाचा होतो, म्हणून कधीतरी एक पर्व बाराऐवजी अकरा वर्षांनी येते. हरिद्वारचा कुंभमेळा २०१० नंतर २०२१ मध्ये झाला, तो त्यामुळेच. शनीचेही तसेच. तो एका राशीत अडीच वर्षे राहतो, आणि अशा तीन राशींची मिळून साडेसाती. बारा राशींना तीस वर्षे, काटेकोरपणे २९.४६. साडेसातीच्या फळाशी आपल्याला काही कर्तव्य नाही. दूरच्या ग्रहामुळे कोणाची नोकरी जात नाही. पण तो काळ मोजणाऱ्यांनी शनीची चाल नुसत्या डोळ्यांनी किती नीट टिपली होती, हे मुलांना जरूर सांगावे.

मग वाळूवरच तक्ता मांडला. करायचे एवढेच, की आपले वय दिवसांत घ्यायचे आणि त्या ग्रहाच्या वर्षाच्या दिवसांनी भागायचे. ही वर्षे अशी : बुध ८८ दिवस, शुक्र २२५, मंगळ ६८७, गुरू ४,३३३, शनी १०,७५९, युरेनस सुमारे ३०,६९० आणि नेपच्यून सुमारे ६०,१९०. चौदा वर्षांच्या मुलाचे दिवस ५,११३. बुधाच्या हिशेबाने तो ५८ वर्षांचा, सेवानिवृत्तीला आलेला. शुक्राच्या हिशेबाने बावीस संपवून तेविसाव्यात, मंगळाच्या हिशेबाने साडेसातच्या आत. गुरूच्या मापाने सव्वा वर्षाच्या आसपास, नुकता पावले टाकू लागलेला. शनीच्या मापाने सहा महिनेही नाहीत. आणि ओटीवरच्या आजी? त्या बुधाच्या मापाने ३३४व्या वर्षात, तर शनीच्या मापाने पावणेतीन वर्षांच्या. "अंगणवाडीतसुद्धा घेणार नाहीत," मुले म्हणाली.

युरेनसचे वर्ष ८४ वर्षांचे. त्याचा शोध विल्यम हर्षलने १७८१ मध्ये लावला, म्हणून मराठीत त्याला हर्षल म्हणतात. शोधानंतरची त्याची तिसरी फेरी २०३३ मध्ये पुरी होईल. एका आयुष्यात युरेनसची एक फेरी पुरी होणे ही भाग्याची गोष्ट, म्हणजे सहस्रचंद्रदर्शनानंतर आणखी तीन वर्षे. बाणकोटच्या खाडीपलीकडे, दापोली तालुक्यातल्या मुरूडचे महर्षी धोंडो केशव कर्वे १८ एप्रिल १८५८ रोजी जन्मले आणि ९ नोव्हेंबर १९६२ रोजी गेले. १०४ वर्षांचे आयुष्य. शनीची साडेतीन वर्षे, युरेनसची सव्वा. नेपच्यूनचा पहिला वाढदिवस पाहणारा माणूस मात्र अजून झालेला नाही. नेपच्यून २३ सप्टेंबर १८४६ रोजी सापडला आणि सापडल्यापासूनची त्याची पहिली फेरी २०११ मध्ये पुरी झाली. १६५ वर्षांचे एक वर्ष!

याच्या पलीकडे काय असेल याचे गणित एका मराठी माणसाने केले होते. 'ज्योतिर्गणित'कार व्यंकटेश बापूजी केतकर यांनी १९११ मध्ये फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत नेपच्यूनपलीकडच्या दोन ग्रहांचे भाकीत मांडले. त्यांतल्या एकाचे वर्ष त्यांनी सुमारे २४२ वर्षांचे काढले होते. १९३० मध्ये प्लुटो सापडला. त्याचे वर्ष २४८ वर्षांचे. हा मेळ पाहून छाती फुगते, पण जरा सावधपणे बोलावे. प्लुटो इतका हलका आहे, की दुसऱ्या ग्रहांवर त्याचा लक्षात येण्याजोगा परिणाम होत नाही. तेव्हा जुळणीत योगायोगाचा भाग मोठा असावा. २००६ पासून प्लुटोची गणना बटुग्रहांत होते. सापडल्यापासूनची त्याची पहिली प्रदक्षिणा २१७८ मध्ये पुरी व्हायची आहे.

वर्षासारखीच दिवसाचीही गंमत आहे. बुधावर एका सूर्योदयापासून दुसऱ्या सूर्योदयापर्यंत १७६ दिवस जातात, म्हणजे त्याची बरोबर दोन वर्षे. तिथे एका दिवसात दोन वाढदिवस! शुक्रावर असा दिवस सुमारे ११७ दिवसांचा आणि वर्ष २२५ चे, म्हणजे वर्षाला दोन दिवसही पुरते नाहीत. उलट गुरू स्वतःभोवती दहा तासांच्या आत फिरतो. त्याच्या एका वर्षात त्याचे सुमारे साडेदहा हजार दिवस बसतात. आणि पावसाळे? ऋतू होतात ते ग्रहाचा आस कललेला असल्यामुळे. गुरूचा कल जेमतेम तीन अंश, म्हणून तिथे ऋतू जवळजवळ नाहीतच. 'चार पावसाळे जास्त' म्हणायची सोय नाही. मंगळाचा कल आपल्यासारखाच पंचवीस अंशांचा, पण ऋतू सुमारे दुप्पट लांब. युरेनस तर आडवाच झाला आहे. त्याच्या ध्रुवावर बेचाळीस वर्षे उजेड आणि बेचाळीस वर्षे काळोख.

आता मूळ प्रश्न. सूर्य समुद्रात टेकायला आला होता आणि प्रश्न विचारणारा मुलगा तक्त्यातल्या आजींच्या 'पावणेतीन'कडे पाहत उभा होता.

आम्ही त्याला शुभांशु शुक्ला यांचे उदाहरण दिले. २०२५ च्या जून-जुलैमध्ये ते आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर सुमारे १८ दिवस राहिले. ते स्थानक दर ९० मिनिटांनी पृथ्वीची एक फेरी मारते, म्हणजे चोवीस तासांत सोळा वेळा सूर्योदय. १८ दिवसांत २८८ वेळा सूर्य उगवला. उगवलेले सूर्य मोजून वय धरायचे तर ते २८८ दिवसांनी मोठे होऊन परतायला हवे होते. तसे झाले नाही. घास तेवढेच खाल्ले, झोप तेवढीच झाली, हृदयाचे ठोके अठरा दिवसांचेच पडले.

शरीराला प्रदक्षिणा समजत नाही. त्याच्या पेशींतल्या रासायनिक क्रिया आपल्या गतीने चालतात, आणि खाली कोणता ग्रह कशाभोवती फिरतो याच्याशी त्यांचा संबंध नसतो. एक घड्याळ तेवढे शरीरात आहे, झोप-जागेचे. ते चोवीस तासांना जुळलेले आहे, कारण आपण याच पृथ्वीवर घडलो. उजेड आणि घड्याळ दोन्हींपासून दूर, बंद जागी माणसांना ठेवून पाहिले तरी त्यांचा दिवस चोवीस तासांहून थोड्याच मिनिटांनी मोठा निघतो. बुधावर १७६ दिवसांचा दिवस असला म्हणून तिथला माणूस ८८ दिवस झोपणार नाही.

यंत्रांचेही तेच. आपले मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत पोचले. सहा महिन्यांसाठी बनवलेले ते यान २०२२ पर्यंत टिकले, साडेसात वर्षे, मंगळाची चार. 'चारच वर्षे चालले' म्हटल्याने त्याची बॅटरी कमी झिजत नाही.

"म्हणजे अजिबात फरक पडत नाही?" मुलाने विचारले. अजिबात नाही, असे म्हणता येणार नाही. आइन्स्टाइनच्या सिद्धान्ताप्रमाणे वेगाने आणि गुरुत्वाकर्षणाने काळाची गती खरोखरच बदलते. आपल्या मोबाइलला जागा दाखवणाऱ्या जीपीएस उपग्रहांवरची घड्याळे जमिनीवरच्यांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाच्या दशलक्षांश भागाच्या ३८ पट पुढे जातात आणि ती दुरुस्ती धरावीच लागते. अंतराळ स्थानकावर सहा महिने राहिलेला माणूस जमिनीवरच्यापेक्षा सेकंदाच्या सुमारे पाच सहस्रांशाने कमी वाढतो. हा फरक मोजणीचा नव्हे, खरा आहे. पण डोळ्यांची पापणी मिटायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो. उलट वजनरहित अवस्थेत कंबर आणि मांडीची हाडे महिन्याला एक टक्क्याच्या आसपास विरळ होतात. म्हातारपण लांबवायला अंतराळ ही काही बरी जागा नव्हे.

आणि शनीपर्यंत जायचे कसे? कॅसिनी यान ऑक्टोबर १९९७ मध्ये निघाले आणि जुलै २००४ मध्ये शनीपाशी पोचले. पावणेसात वर्षे. ती पावणेसात वर्षे प्रवाशाच्याच आयुष्यातून जाणार, शनी ती आपल्या खाती चौथाई वर्ष म्हणून का मांडेना. तिथे उतरायला जमीनही नाही, नुसता वायू.

मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "म्हणजे आजी तेवढीच राहणार." आम्ही हो म्हटले. त्याने जवळच्या काठीने वाळूत भागाकार मांडला. त्याची आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. ७८ गुणिले ३६५.२५, भागिले २९.५३. उत्तर आले ९६४. "छत्तीस राहिल्या," तो म्हणाला. बाकीची मुले तोवर पाण्याकडे पळाली होती आणि दोघे शिक्षक त्यांना ओरडत मागे धावत होते.

परतलो तेव्हा देवळाच्या वरच्या अंगाला, डोंगरामागून चंद्र बराच वर आला होता, जवळजवळ पुरा गोल. आजी ओटीवर बसल्या होत्या. मुलांनी वाटेतच हिशेब केला होता : ऐंशी वर्षांत बारा-बारा महिने धरले तर ९६० पौर्णिमा, अधिक मासांच्या २९, म्हणजे ९८९; त्यानंतर आषाढ, श्रावण, भाद्रपद, आश्विन, कार्तिक धरून ९९४. सगळे एकदम ओरडले, "आजी, ही नऊशे पंच्याण्णवावी!"

आजींनी वर पाहिले.

"आज चतुर्दशी आहे रे," त्या म्हणाल्या. "ही नाही धरायची. उद्याची."